उतरंड कोणी रचली?

आमच्या एका भाचीची बी. एड्.ची वही मध्यंतरी हाती आली. शैक्षणिक मानसशास्त्राच्या टिपणांत तिने एक त्रिकोण काढला होता. आडव्या रेघांनी त्याचे पाच भाग पाडलेले. तळाशी 'शारीरिक गरजा', त्यावर 'सुरक्षितता', त्यावर 'प्रेम व आपलेपणा', त्यावर 'प्रतिष्ठा' आणि शेंड्याला 'आत्मवास्तवीकरण'. वर मथळा होता : 'मास्लोची गरजांची उतरंड'. त्रिकोण आम्हांला अपरिचित नव्हता. अध्यापक विद्यालये, व्यवस्थापनाचे वर्ग, बँकांतील प्रशिक्षणे, इतकेच काय, पालकांसाठी धर्मग्रामात भरणारी शिबिरे, जेथे जेथे 'मनुष्य कशासाठी धडपडतो' हा प्रश्न निघतो तेथे तेथे हा त्रिकोण फळ्यावर येतोच. या खेपेस मात्र आमचे लक्ष आकृतीपेक्षा मथळ्यातील शब्दावर खिळले.

इंग्रजीत यासाठी जो शब्द आहे त्याचे मूळ ग्रीक असून तो आरंभी धर्माधिकाराच्या श्रेणींसाठी वापरला जाई. ज्या कोणी त्याच्यासाठी 'उतरंड' हा मराठी शब्द योजला, त्याने त्या कल्पनेला देवघरातून उचलून स्वयंपाकघरात आणून ठेवले. आमच्या कोकणातल्या जुन्या घरांत माजघराच्या काळोख्या कोपऱ्यात मडक्यांची उतरंड असे. तळाशी मोठे मडके, त्यावर त्याहून लहान, असे करीत शेंड्याला एखादे बोळके. तळच्या मडक्यातले धान्य काढायचे झाल्यास वरची सारी मडकी एकेक करून उतरवावी लागत आणि पुन्हा तशीच चढवावी लागत. म्हणजे उतरंड म्हटली की ती रचणारे आणि उतरवणारे हात आलेच. वहीतल्या त्रिकोणात हे हात कोठेही दिसत नाहीत. मास्लोच्या सिद्धान्ताबद्दल आम्हांला जे म्हणायचे आहे ते एवढ्यात सामावले आहे. पुढचा सारा प्रपंच त्याच्या विस्ताराचा.

आरंभी मास्लोशी न्यायाने वागले पाहिजे. अब्राहम मास्लो (१९०८–१९७०) हा न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात वाढलेला, रशियातून स्थलांतरित झालेल्या ज्यू आईबापांचा मुलगा. मानवी प्रेरणांविषयीचा त्याचा प्रसिद्ध लेख १९४३ साली प्रकाशित झाला. त्या काळच्या मानसशास्त्रावर दोन विचारांचे राज्य होते. एक विचार मनुष्याकडे मनोरुग्णाच्या अंगाने पाही, दुसरा पिंजऱ्यातल्या उंदराच्या अंगाने. निरोगी, धडपडणाऱ्या, काही होऊ पाहणाऱ्या माणसाला मानसशास्त्रात जागा करून देण्याचे श्रेय ज्यांच्याकडे जाते त्यांत मास्लो अग्रभागी आहे. पोट भरलेल्या माणसाला भुकेचे आकर्षण उरत नाही आणि मग दुसरीच कसलीतरी ओढ त्याचा ताबा घेते, हे त्याचे निरीक्षण आजही खोटे ठरलेले नाही.

शिवाय ज्या त्रिकोणाने त्याचे नाव जगभर गेले तो त्याच्या त्या लेखात नाही. १९६०च्या सुमारास व्यवस्थापनशास्त्राच्या लेखकांनी कारखान्यांतील कामगारांकडून अधिक काम कसे घ्यावे याचा विचार करताना ही आकृती रूढ केली. मास्लोचे स्वतःचे लेखन पुष्कळच सावध आहे. सामान्य माणसाच्या शारीरिक गरजा समजा ८५ टक्के, सुरक्षिततेच्या ७० टक्के, प्रेमाच्या ५० टक्के, प्रतिष्ठेच्या ४० टक्के आणि आत्मवास्तवीकरणाच्या १० टक्के भागल्या आहेत, असा केवळ समजुतीसाठी घेतलेला दाखला तो देतो. एक मडके काठोकाठ भरल्याखेरीज दुसरे चढवायचे नाही, असा हट्ट त्यात नाही. हा क्रम उलटा झालेली माणसेही असतात हे तो मान्य करतो. उच्च ध्येयासाठी सर्वस्वावर पाणी सोडणाऱ्या हुतात्म्यांचा उल्लेख त्या लेखातच आहे.

पुढील संशोधकांनी सिद्धान्त तपासला तेव्हा त्यातील गरजा टिकल्या, त्यांचा क्रम मात्र डळमळला. १९७६ साली वाबा आणि ब्रिडवेल या दोघांनी तोवरच्या संशोधनाचा आढावा घेतला, तेव्हा पायरीपायरीच्या क्रमाला फारसा आधार सापडला नाही. २०११ साली टाय आणि डीनर यांनी १२३ देशांतील माहिती पडताळली. अन्न, सुरक्षितता, माणसांचा आधार, मान या सर्वांचा माणसाच्या समाधानाशी संबंध सर्वत्र दिसला. पण खालची गरज पुरी भागलेली नसतानाही वरची गरज भागल्याचे समाधान माणसाला लाभते, असेही दिसून आले. डेसी आणि रायन यांनी तर क्रम सोडूनच दिला. स्वायत्तता, कर्तबगारी आणि जिव्हाळ्याचे नाते या तीन गरजा त्यांनी एकाच पातळीवर ठेवल्या.

म्हणजे क्रमावरची टीका होऊन गेली आहे. ती आम्ही नव्याने करण्यात हशील नाही. आमचा आक्षेप वेगळा आहे. या साऱ्या मांडणीत मनुष्य एकटा आहे. भूक त्याची, भीती त्याची, प्रेम त्याला हवे, मान त्याला हवा आणि अखेर जे व्हायचे तेही त्यालाच. प्रेमाचे मडकेसुद्धा त्याला मिळण्याचे आहे. आता ही मडकी कोणी भरली आणि कोणाच्या वाटणीतून भरली, हा प्रश्न विचारून पाहावा. त्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. आमच्या रत्नागिरी जिल्ह्याने या प्रश्नाचे तीन धडे देऊन ठेवले आहेत; त्यांतील एक इतिहासातला आहे, एक कादंबरीतला आणि एक आत्मचरित्रातला.

पहिला धडा थिबा राजाचा. २९ नोव्हेंबर १८८५ रोजी ब्रह्मदेशचा हा अखेरचा राजा मंडाले येथे इंग्रजांच्या स्वाधीन झाला आणि १८८६च्या एप्रिलमध्ये राणी सुपायालत व लहानग्या राजकन्यांसह रत्नागिरीस आणला गेला. तो मृत्यूपर्यंत, म्हणजे डिसेंबर १९१६पर्यंत, येथेच राहिला. भाट्याच्या खाडीकडे पाहणारा त्याचा राजवाडा १९१०मध्ये पुरा झाला, तोवर तो बंगल्यांतून राहत असे. सरकारी तनखा पुरत नसे, कर्ज होई, बरोबर आणलेले जवाहीर विकावे लागे, हे खरे. तरी त्या घरात कोणी उपाशी निजले नाही. नोकरचाकर होते, पहारा होता, छप्पर होते, पत्नी व मुली जवळ होत्या. मास्लोच्या हिशेबाने खालची तीन मडकी बऱ्यापैकी भरलेली. चौथे, प्रतिष्ठेचे, फुटलेले. म्हणून त्याचे जीवन खुंटले, असे त्रिकोण सांगेल.

हे उत्तर चूक नाही, अपुरे आहे. तारुण्यात मठात राहून बौद्ध धर्मग्रंथांच्या परीक्षेत नाव मिळवलेला हा विद्वान पुरुष तीस वर्षे सरकारकडे अर्जामागून अर्ज पाठवीत राहिला. सुधा शहा यांनी 'द किंग इन एग्झाइल' या २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात ही कहाणी साधार मांडली आहे. ती वाचताना आम्हांला सारखे जाणवत राहिले की, या माणसाचे स्वातंत्र्य गेले, मान गेला, पण त्याहून सूक्ष्म असे आणखी एक काही गेले. त्याची कोणाला गरज उरली नाही. ज्याच्या शब्दावाचून राज्याचे पान हलत नसे, त्याच्यावाचून आता कोणाचे काहीच अडत नव्हते. दुसऱ्याला आपली गरज असणे, ही मनुष्याची केवढी मोठी गरज आहे! मास्लोच्या पाच मडक्यांत तिला स्वतंत्र मडके नाही.

याच घरातली थोरली राजकन्या याच्या नेमके उलट वागली. राजवाड्यावर चाकरीस असलेल्या गोपाळ सावंत याच्याशी तिचे नाते जुळले आणि तिला मुलगी झाली, टूटू. १९१९मध्ये राजकुटुंबाला मायदेशी जाण्याची मोकळीक मिळाली. त्यानंतर ही राजकन्या आपल्या मुलीसह पुन्हा रत्नागिरीला आली आणि १९४७ साली येथेच वारली. तिचे अखेरचे दिवस हलाखीचे होते. टूटू मराठी बोलत, कष्ट करीत, येथल्या साध्या वस्तीत संसार करून २००० साली निवर्तली. राजकन्येने वरचे मडके सोडून खालचे धरले, असे फार तर त्रिकोण म्हणेल. परंतु तिने शहाणपण केले की वेडेपणा, याचा निवाडा करण्याचे साधन त्रिकोणाजवळ नाही.

दुसरा धडा कादंबरीचा. दापोली तालुक्यातील मुर्डी येथे १९१३ साली जन्मलेले श्री. ना. पेंडसे यांची 'रथचक्र' १९६२ साली आली आणि १९६३ साली तिला साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. तिच्या नायिकेला लेखकाने नाव दिलेले नाही. ती केवळ 'ती' आहे. नवरा घरदार टाकून बैरागी होऊन निघून गेलेला. एकत्र कुटुंबात निराधार सुनेच्या वाट्याला जे यावे ते तिच्या वाट्याला येते. मुलांनी शिकावे एवढ्या एका ध्यासाने ती सासरचे घर सोडते आणि कष्टांच्या बळावर त्यांना वाढवते.

आता हा त्रिकोण या घरावर ठेवून पाहा. नवऱ्याला आत्म्याची ओढ लागली. तो शेंड्याच्या बोळक्याकडे निघाला आणि तळची चारही मडकी बायकोच्या डोक्यावर ठेवून गेला. त्रिकोण त्याच्याकडे पाहील तर म्हणेल, या पुरुषाला उच्च प्रेरणा झाली. तिच्याकडे पाहील तर म्हणेल, ही स्त्री पोटापाण्याच्या पातळीवर अडकून पडली. दोन्ही निष्कर्ष सिद्धान्ताला धरून आहेत आणि दोन्ही साफ खोटे आहेत. पोटाला चिमटा घेऊन जी मुलाच्या पुस्तकाचे पैसे बाजूला ठेवते, ती कोणत्या पायरीवर उभी आहे? भाकरी तळची गरज आहे हे मान्य. परंतु दुसऱ्यासाठी भाजलेली भाकरी तळची राहत नाही. तीच भाकरी, त्याच चुलीवरची, खाणाऱ्याच्या बाजूने पाहिली तर पहिले मडके आहे आणि भाजणारीच्या बाजूने पाहिली तर कदाचित पाचवे. एकट्या माणसाच्या आकृतीत ही दुसरी बाजू मावत नाही.

कादंबरीचा शेवट फार कठोर आहे. ती आपले जीवन आपल्या हातांनी संपवते. आमच्यासारख्या वाचकाला, जीवन हे देवाचे देणे मानणाऱ्याला, तो शेवट सहजी पचत नाही आणि पचू नये. तिला दोष देऊन पुस्तक मिटणे सोपे आहे. परंतु पुन्हा वाचताना आमच्या ध्यानी आले की, या कादंबरीत सर्वांच्या गरजा तिच्या दारी येतात. तिच्या गरजेला मात्र कोणाचे दार नाही. आईची प्रेरणा थोर आहे असे म्हणून आपण तिच्यापुढे हात जोडतो आणि हात जोडल्यामुळे ते मदतीला मोकळे राहत नाहीत. त्यागाचे कौतुक हे कधी कधी त्यागाकडे पाठ फिरवण्याचे सभ्य रूप असते. पेंडश्यांनी हे कोठे बोलून दाखवलेले नाही, पण कादंबरीच्या शेवटी वाचकाला जो अपराधीपणा वाटतो तो येथूनच येतो असे आमचे मत आहे.

तिसरा धडा आपल्या अधिक जवळचा. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचा जन्म १८६१ साली याच जिल्ह्यातील करजगावचा. १८९५ साली त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पंथाने ते प्रॉटेस्टंट, परंतु मराठी ख्रिस्ती माणसाच्या ओठांवर त्यांच्या कविता पंथ न विचारता आल्या. अखेरच्या वर्षांत मिशनची पगारी नोकरीही सोडून ते 'देवाच्या दरबारा'च्या कामाला लागले. आत्मवास्तवीकरण झालेल्या पुरुषाचे उदाहरण हवे असेल तर मास्लोला समुद्र ओलांडून येथे येता आले असते.

या थोर पुरुषाच्या घरातली मडकी कशी होती, हे आपल्याला कळते ते लक्ष्मीबाईंमुळे. 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग १९३४ साली प्रसिद्ध झाला. टिळकांच्या हाती पैसा आला की तो कोणाच्या तरी नडीला निघून जाई आणि घरात उद्या काय शिजवायचे हा प्रश्न लक्ष्मीबाईंपुढे उभा राही. धर्मांतरानंतर काही वर्षे त्या पतीपासून दूर, आपल्या माणसांत राहिल्या. मग त्याच्याकडे परतल्या, आणि १९०० साली स्वतः बाप्तिस्मा घेतला. पुढे त्या घरात परकी मुलेही आपली म्हणून वाढली. हे सारे त्या ज्या हसतमुख निर्विषपणे सांगतात त्याला मराठीत तोड नाही. नवऱ्याच्या मोठेपणाबद्दल त्यांना शंका नाही. त्या मोठेपणाचा वाणसामानाचा हिशेब मात्र त्या वाचकापुढे ठेवल्यावाचून राहत नाहीत. आमच्या मते 'स्मृतिचित्रे' हा गरजांच्या सिद्धान्तावर मराठीत लिहिला गेलेला सर्वांत चांगला टीकाग्रंथ आहे, आणि तो मास्लोच्या लेखाआधी नऊ वर्षे निघू लागला होता! शेंड्याचे बोळके कोणाच्या हातांवर तोलले होते हे त्यात त्या हातांनीच लिहिले आहे. तसेच 'रथचक्रा'तील तिला जे मिळाले नाही ते लक्ष्मीबाईंना मिळाले, हेही नमूद केले पाहिजे. त्यांच्या घरात भांडण होते, रुसवा होता, हशा होता. म्हणजेच त्यांचे म्हणणे ऐकणारा कोणी होता.

मास्लोला हे हात दिसलेच नाहीत काय? १९३८च्या उन्हाळ्यात तो कॅनडातील ब्लॅकफूट आदिवासींत राहिला होता. ज्याने पुष्कळ साठवले तो श्रीमंत नव्हे, ज्याने पुष्कळ वाटून टाकले तो श्रीमंत, अशी तेथली रीत त्याने पाहिली आणि तिने तो प्रभावितही झाला. ध्येयासाठी उपासमार सोसणाऱ्यांचे स्पष्टीकरण देताना तो म्हणतो की, बालपणी ज्यांच्या मूळ गरजा चांगल्या भागल्या त्यांना पुढे वंचना सोसण्याचे बळ येते. आउश्वित्झच्या छावणीत १९४१ साली दुसऱ्या कैद्याच्या जागी उपासमारीची कोठडी पत्करणारे संत मॅक्सिमिलियन कोल्बे यांच्यासारख्यांचे सामर्थ्य एवढ्याने पुरते उलगडते असे आम्हांला वाटत नाही. तरीही त्या स्पष्टीकरणात एक कबुली दडलेली आहे. बालपणी त्या गरजा भागवल्या कोणी? कोणीतरी रात्री जागले, कोणीतरी आपला घास दिला. हातांना सिद्धान्तात प्रवेश मिळाला तो असा, मागच्या दाराने. आयुष्याच्या अखेरीस मास्लो 'स्वतःपलीकडे जाणे' ही आत्मवास्तवीकरणाहूनही वरची अवस्था मानू लागला होता. फळ्यावरच्या त्रिकोणाला मात्र याची खबर पोहोचली नाही.

येथे आमच्यावर एक आक्षेप येईल, आणि तो यायलाच हवा. हे सारे दारिद्र्याचे गोडवे तर नव्हेत? उपाशी माणसाला 'तूही थोर होऊ शकतोस' असे सांगून त्याची बोळवण करण्याची ही नवी युक्ती तर नव्हे? आम्ही कान धरून सांगतो की, तसे असेल तर आमचा लेख फाडून टाकावा आणि मास्लोचा त्रिकोण घरात टांगावा. रिकाम्या पोटी शाळेत आलेल्या मुलाला अभ्यासाची गोडी का लागत नाही हे शिक्षकाला कळावे म्हणून भाचीच्या वहीत तो त्रिकोण आहे, आणि तेथे तो योग्य जागी आहे. मनुष्य केवळ भाकरीवर जगत नाही, या अर्थाचे वचन आपण धर्मोपदेशांतून वारंवार ऐकतो. ते वचन प्रभूने स्वतः उपाशी असताना उच्चारले होते, भुकेलेल्यांना उद्देशून नव्हे. आणि भुकेलेला जमाव समोर आला तेव्हा त्याने आधी सर्वांना गवतावर बसवून जेवू घातले होते. स्वतःची भूक सोसणे आणि दुसऱ्याची भूक सोसणे यांतला भेद ज्याला कळला नाही त्याने गरजांवर बोलूच नये.

आमचे सांगणे आहे ते त्रिकोण पुसण्याविषयी नव्हे. त्याच्या भोवती माणसे काढण्याविषयी. आपल्या धर्मग्रामांतील घरे पाहा. आमच्या किनाऱ्यावरची माणसे पिढ्यान्‌पिढ्या पोटासाठी बाहेर गेली. पूर्वी मुंबईच्या गिरण्यांत आणि बोटींवर, नंतर आखातात. एके काळी पोस्टमनने आणलेल्या मनीऑर्डरीवर गावेच्या गावे जगली. पाठवणाऱ्याने तेथे दाटीच्या खोलीत दिवस काढले, घेणारीने येथे म्हातारी माणसे, मुले, शेतवाडी आणि देवळाचे सण एकटीने सांभाळले. त्या घरातला मुलगा पुढे इंजिनिअर झाला, मुलगी परिचारिका झाली, की आपण त्यांच्या जिद्दीचा सत्कार करतो. सत्कार जरूर व्हावा. परंतु त्यांची प्रेरणा कोठून आली असे विचारताना उत्तर केवळ त्यांच्या मनात शोधू नये. ते उत्तर बहुधा मांडवाच्या कडेला, चहाच्या पातेल्यापाशी उभे असते.

आणि दुसरी गोष्ट, थिबाच्या वाड्याने शिकवलेली. आज आपल्या कित्येक घरांत म्हाताऱ्या आईवडिलांची खालची चारही मडकी भरलेली आहेत. औषधे वेळेवर, पैसा बँकेत, दाराला कडी, भिंतीवर मान्यतेचे फोटो. मुले दूर असली तरी कर्तव्यात चुकत नाहीत. तरी सायंकाळी व्हरांड्यात बसून समुद्राकडे पाहणाऱ्या त्या डोळ्यांत आम्हांला तो राजा दिसतो. त्यांना काय कमी आहे, असे आपण एकमेकांना विचारतो. त्यांना कमी एवढेच आहे की, त्यांच्याजवळ कोणी काही मागत नाही. नातवाला जुनी गोष्ट सांगा म्हणावे, लोणच्याचे प्रमाण विचारावे, धर्मग्रामाच्या कामात सल्ला घ्यावा. देणे हेच प्रेम असे आपण शिकलो. मागणे हेही प्रेम असू शकते, हे शिकायचे राहून गेले.

भाचीला वही परत देताना आम्ही तिला एवढेच सुचवले की, त्रिकोणाखाली एक ओळ तिने स्वतःच्या शब्दांत लिहावी : ही उतरंड कोणी रचली आणि त्या व्यक्तीला काय हवे आहे? परीक्षेत या ओळीला गुण नाहीत. परंतु पुढे शिक्षिका म्हणून ती वर्गात उभी राहील तेव्हा समोरच्या प्रत्येक मुलामागे एक उतरंड आणि एक जोडी हात असतील, आणि त्या मुलाच्या आईला पालकसभेत बोलावल्यावर मुलाच्या प्रगतीचे बोलणे संपताच, "बाई, तुमचे कसे चालले आहे?" असे विचारावेसे तिला वाटले, तर ती मानसशास्त्र शिकली असे आम्ही समजू.